पेशीला परकं कसं कळतं? कळतच नाही

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकदम विचारले आहेत. एक, पेशीत हजारो प्रथिनं असताना नेमका परक्या प्रथिनाचाच तुकडा टी पेशीपुढे (प्रतिकारसंस्थेच्या तपासनिसापुढे) मांडायचा, हे पेशीला कळतं कसं? दोन, पुस्तकात आतलं प्रथिन क्लास १ वर आणि बाहेरचं क्लास २ वर (तुकडे धरणाऱ्या एमएचसी रेणूचे हे दोन प्रकार) असं स्वच्छ लिहिलंय. मग डेंड्रिटिक पेशीला, म्हणजे गिळलेल्या मालाचे तुकडे टी पेशींपुढे मांडणाऱ्या पेशीला, स्वतःला विषाणूची लागण झालेलीच नसेल तर ती सीडी८, म्हणजे मारक, टी पेशींना जागं कसं करते? आणि तीन, जीवाणूच्या नुसत्या शर्करा-आवरणाची लस दोन वर्षांखालच्या बाळांत नीट लागू पडत नाही, तीच शर्करा प्रथिनाला जोडली की पडते. टी पेशींना शर्करा दिसतच नसेल तर यात त्यांचा संबंध कुठे आला?

गेली वीसेक वर्षं याच विषयावर काम करते आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं: पेशीला कळतच नाही. प्रथिनं तोडणारी यंत्रणा आंधळी, तुकडे वाहून नेणारी आंधळी, आणि तुकडा धरून पृष्ठभागावर उभा राहणारा एमएचसी रेणूही आंधळाच. त्याला आपल्या खोबणीत बसणारा तुकडा हवा असतो; तो आपला की परका याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'अँटीजेन प्रेझेंटेशन' (प्रतिजनाचे, म्हणजे प्रतिकारसंस्था ओळखते त्या पदार्थाचे, तुकडे मांडणं) म्हटलं की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे शत्रूचं मुंडकं भाल्यावर खोचून मिरवणारा सैनिक येतो. ते चित्र आधी पुसा. ठणठणीत पेशीवरसुद्धा क्लास १ रेणू साधारण लाखाच्या घरात असतात आणि त्या प्रत्येकात तिच्या स्वतःच्याच कुठल्यातरी प्रथिनाचा तुकडा बसलेला असतो. विषाणू शिरल्यावरही बहुतेक तुकडे घरचेच राहतात, त्यात थोडे विषाणूचे मिसळतात, इतकंच. पेशी आपल्या आत काय काय तयार होतंय याचा हिशेब सतत दारावर टांगत असते. वाचणारा दुसरा कोणीतरी असतो.

आता, तुकडेच का? प्रतिपिंडाला अख्खं प्रथिन चालतं, त्याच्या घडीसकट. विषाणू रक्तात फिरत असेल तर प्रतिपिंड त्याला तिथेच गाठतं. पण तो एकदा पेशीत शिरला की प्रतिपिंडाचा हात तिथे पोचत नाही. आतली खबर बाहेर आणायची तर प्रथिनं तोडून त्यांचे नमुने पटलाबाहेर मांडणं हा एक मार्ग आहे, आणि टी पेशी त्याच मार्गावर बेतलेल्या आहेत. टी पेशीचा ग्राही, म्हणजे ओळख पटवणारा तिच्या पृष्ठभागावरचा रेणू, नुसता तुकडा ओळखत नाही, नुसता एमएचसीही ओळखत नाही. दोघं मिळून जो आकार होतो तो ओळखतो. कॅनबेरामध्ये रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७३-७४ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. एका जातीच्या उंदराला लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस विषाणूची लागण केली, त्याच्या टी पेशी काढल्या. त्याच विषाणूची लागण झालेल्या त्याच जातीच्या पेशी त्यांनी मारल्या. पण वेगळा एमएचसी असलेल्या उंदराच्या पेशी, विषाणू तोच असूनही, सोडून दिल्या. दोघांना १९९६ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे त्यांच्या प्रयोगाच्या वेळी तुकडा खोबणीत बसतो वगैरे काहीच ठाऊक नव्हतं. एमएचसी तेव्हा मुख्यतः परका अवयव नाकारला जाण्याशी जोडलेला होता, आणि निसर्गाने असला रेणू कशासाठी ठेवला असेल हे कोडंच होतं.

कोडं सुटलं ते चित्र हाती आल्यावर. १९८७ मध्ये पामेला बियॉर्कमन, जॅक स्ट्रॉमिंजर आणि डॉन वायली यांनी एचएलए-ए२ या मानवी क्लास १ रेणूची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. वरच्या बाजूला एक लांबट खोबण: दोन सर्पिलांच्या भिंती आणि खाली बीटा-पट्टीची जमीन. आणि त्या खोबणीत काहीतरी भरलेलं दिसत होतं, जे रेणूच्या स्वतःच्या साखळीत मोडत नव्हतं. शुद्ध केलेल्या रेणूसोबत त्याने धरलेले तुकडे आपोआप आले होते. रचनाशास्त्रात असा 'कचरा' सहसा डोकेदुखी असतो. इथे तोच शोध होता.

चार वर्षांनी हान्स-गेऑर्ग रामेन्से यांच्या गटाने आम्ल वापरून हे तुकडे खोबणीतून सोडवले आणि त्यांचा क्रम वाचला. क्लास १ मधले तुकडे बहुतेक ८ ते १० अमिनो आम्लांचे, सर्वाधिक ९ चे, कारण खोबणीची दोन्ही टोकं बंद असतात. आणि प्रत्येक एमएचसी प्रकाराची आवड ठरलेली: एचएलए-ए२ ला दुसऱ्या जागी ल्युसिन आणि शेवटच्या जागी व्हॅलिन किंवा ल्युसिन मानवतं. ही दोन आम्लं खुंटीसारखी खोबणीतल्या खळग्यांत रुततात, मधली वर डोकं काढतात, आणि टी पेशी मुख्यतः त्या मधल्यांना चाचपते. क्लास २ ची खोबण दोन्हीकडून उघडी. त्यात १३ ते २५ लांबीचे तुकडे टोकं बाहेर लोंबकळत ठेवून बसतात, जरी मधला घट्ट बसलेला गाभा ९ चाच असतो.

माणसामाणसांत एमएचसी इतका वेगळा का, याचंही उत्तर इथेच आहे. एचएलएचे, म्हणजे माणसाच्या एमएचसीचे, हजारो प्रकार नोंदले गेलेत आणि फरक बहुतेक खोबणीच्या आसपासच एकवटलेले आहेत. एका व्यक्तीत ए, बी आणि सी मिळून क्लास १ चे जास्तीत जास्त सहा प्रकार. म्हणजे एकाच विषाणूचे तुम्ही मांडाल ते तुकडे वेगळे, मी मांडेन ते वेगळे. एखादा विषाणू तुमच्या सहाही खोबण्या चुकवेल, पण सगळ्यांच्या चुकवणं त्याला जमत नाही.

मग तुकडा तिथपर्यंत पोचतो कसा? क्लास १ चा रस्ता आधी घेऊ. पेशीद्रवात प्रोटिअसोम नावाचं पिंप असतं: २८ उपएककं, सातासातांची चार कडी एकावर एक, आणि कापणारी पाती आतल्या बाजूला, म्हणजे जाता-येता कोणी कापलं जात नाही. युबिक्विटिनचा शिक्का बसलेलं प्रथिन उलगडून या पिंपात ओढलं जातं आणि तुकडे होऊन बाहेर पडतं. हे काम प्रतिकारासाठी म्हणून जन्मलेलंच नाही. यीस्टमध्येही प्रोटिअसोम आहे, तिथे टी पेशी कुठल्या? आपल्या प्रतिकारसंस्थेने पेशीच्या जुन्या सफाई यंत्रणेच्या तोंडाशी आपली टोपली धरली आहे. फक्त इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकार-संकेताची हाक आली की पिंपातली तीन पाती बदलली जातात आणि तयार होतो इम्युनोप्रोटिअसोम. तो तुकड्याच्या शेवटी अशी आम्लं ठेवून कापतो, जी क्लास १ च्या शेवटच्या खळग्याला मानवतात.

इथे एक शंका यायला हवी. विषाणूची प्रथिनं बरेचदा टिकाऊ असतात, दिवसेंदिवस मोडत नाहीत. मग लागण झाल्यावर तासाभरात त्यांचे तुकडे पृष्ठभागावर कसे दिसतात? जोनाथन युडेल यांनी १९९६ मध्ये मांडलेली कल्पना अशी: रायबोसोमवरून उतरलेल्या मालातला काही भाग जन्मतःच फसलेला असतो, चुकीच्या घडीचा किंवा अर्धवट, आणि तो लगोलग प्रोटिअसोमकडे जातो. म्हणून दारावरचा हिशेब जुन्या साठ्यापेक्षा 'आत्ता काय बनतंय' याचा जास्त असतो. फसलेला माल नेमका किती, यावर अजून वाद आहे. पण कल्पनेची दिशा मला पटते, कारण विषाणूशी लढताना कालचा साठा कळून काय उपयोग?

तुकडे पेशीद्रवात आणि रिकामे क्लास १ रेणू एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे ज्याला आम्ही नुसतं 'ईआर' म्हणतो त्यात. मधे पटल. ते ओलांडून देतो टॅप हा वाहक, एटीपी जाळून. त्याला ८ ते १६ लांबीचे तुकडे पसंत. आत दाराशीच टॅपासिन, कॅलरेटिक्युलिन आणि ईआरपी५७ रिकाम्या रेणूला सांभाळून उभे असतात. लांब तुकड्यांची पुढची बाजू ईआरएपी१ हे विकर छाटतं. तुकडा घट्ट बसला तर रेणू मोकळा होऊन गॉल्जीमार्गे पृष्ठभागावर जातो. सैल बसला तर टॅपासिन तो काढून दुसरा बसवायला लावतो. नासाडी प्रचंड आहे. पेशीद्रवात सुटलेला तुकडा काही सेकंदांत इतर विकरं फस्त करतात. तोडल्या गेलेल्या हजारो प्रथिनांमागे एखादाच तुकडा दारापर्यंत पोचतो.

रिकामा क्लास १ रेणू टिकत नाही ही गोष्ट वाचून लक्षात राहत नाही, हाताने केली की राहते. आरएमए-एस नावाच्या उंदराच्या पेशींत टॅप बिघडलेला असतो. ३७ अंशांवर त्यांच्यावर क्लास १ जेमतेम दिसतो. त्याच पेशी रात्रभर २६ अंशांवर ठेवा. सकाळी पृष्ठभागावर क्लास १ चांगला वर आलेला असतो, रिकामाच. आता अर्ध्या नळ्यांत योग्य पेप्टाइड घाला, अर्ध्या तशाच ठेवा, आणि सगळ्या परत ३७ अंशांवर न्या. पेप्टाइड नसलेल्या नळ्यांतला क्लास १ गळून जातो, असलेल्यांतला राहतो. फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावर दोन टेकड्या वेगळ्या होताना दिसल्या की तुकडा हा रेणूचाच आधार आहे हे समजावून सांगावं लागत नाही. नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या महिन्यात हा प्रयोग करायला लावते.

क्लास २ चा रस्ता वेगळ्या भागातून जातो. पेशीने गिळलेलं प्रथिन एंडोसोम या आतल्या पिशवीत जातं, तिथून लायसोसोमकडे, आणि वाटेत आम्लता वाढत जाते. कॅथेप्सिन ही विकरं ते तोडतात. क्लास २ रेणूही ईआरमध्येच बनतो, पण तिथे तर क्लास १ साठी आणलेल्या तुकड्यांची गर्दी. त्यातलाच एखादा क्लास २ मध्ये बसला तर? म्हणून जन्मल्याबरोबर इन्व्हेरियंट साखळी त्याच्या खोबणीत आडवी होते. ती दोन कामं करते: खोबण अडवून ठेवते, आणि तिच्या शेपटीवरच्या पत्त्यामुळे अख्खं गाठोडं एंडोसोमकडे वळतं. तिथे तिचीही कत्तल होते. कॅथेप्सिन एस शेवटचा घाव घालतं आणि खोबणीत उरतो क्लिप नावाचा एक तुकडा. तो सोडवायला एचएलए-डीएम येतो. दिसायला क्लास २ चाच भाऊ, पण स्वतः काही धरत नाही. खोबण जराशी उघडून क्लिपला बाहेर पडू देतो. आणि तिथेच थांबत नाही: ढिले बसलेले तुकडेही झटकत राहतो, जोवर पक्का बसणारा मिळत नाही. क्लास १ मध्ये टॅपासिन जे करतो तेच हे, दोन रेणूंचं एकमेकांशी नातं नसताना.

हा रस्ता आम्लतेवर चालतो हे उनान्वे आणि झीगलर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिस्टेरिया जीवाणू घेऊन दाखवलं: मॅक्रोफेज या गिळणाऱ्या पेशींना क्लोरोक्विन किंवा अमोनिया दिलं, म्हणजे आतली आम्लता मारली, की टी पेशींना जीवाणूची ओळख पटेनाशी होते. त्याच सुमाराचा दुसरा प्रयोग मला त्याहून देखणा वाटतो. पेशी आधी ग्लुटाराल्डिहाइडने गोठवून टाकायच्या. मेलेल्याच म्हणा, गिळणं नाही, तोडणं नाही. त्यांच्यावर अख्खं ओव्हाल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन) घातलं तर टी पेशी ढिम्म. आधीच तोडलेलं घातलं तर त्या पेटून उठतात. मांडण्यासाठी पेशी जिवंत लागत नाही, तोडण्यासाठी लागते.

'पचवणं' हा शब्द मात्र जपून वापरा. सगळं पचलं तर नऊ आम्लांचा तुकडाही उरणार नाही. मॅक्रोफेज हा खादाड आहे: गिळतो आणि फडशा पाडतो, म्हणून त्याच्याकडून मांडणी तुलनेने कमी होते. डेंड्रिटिक पेशीत तोडणारी विकरं बेताची, आम्लता हळूहळू वाढणारी. ती अर्धवट तोडते आणि जपते.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. यकृताच्या पेशीला लागण करणारा एखादा विषाणू डेंड्रिटिक पेशीत शिरतच नाही असं धरा. यकृताची पेशी क्लास १ वर तुकडे दाखवेल, पण अननुभवी टी पेशी यकृतात नसतात, लसिका ग्रंथींतून फिरत असतात. शिवाय यकृताच्या पेशीकडे त्यांना पहिल्यांदा जागं करण्याचं साहित्यही नसतं. तेव्हा कोणीतरी मेलेल्या यकृतपेशीचे अवशेष उचलून ग्रंथीत आणायला हवेत आणि ते, नियम मोडून, क्लास १ वर मांडायला हवेत. मायकेल बेव्हन यांना १९७६ मध्ये हेच दिसलं. त्यांनी उंदराला वेगळ्या एमएचसीच्या पेशी टोचल्या. तयार झालेल्या मारक टी पेशींपैकी काही त्या पेशींतल्या प्रतिजनांना ओळखत होत्या, पण उंदराच्या स्वतःच्या एमएचसीवर बसवलेल्या रूपात. म्हणजे माल दात्याचा, खोबण यजमानाची. यालाच क्रॉस-प्रेझेंटेशन म्हणतात. हे काम प्रामुख्याने सीडीसी१ या डेंड्रिटिक पेशींच्या एका शाखेचं. बॅटएफ३ हे जनुक काढलेल्या उंदरांत ही शाखा घडत नाही, आणि एरवी नाकारले गेले असते असे ट्यूमर त्या उंदरांत वाढत जातात. गिळलेलं प्रथिन एंडोसोममधून पेशीद्रवात निसटून प्रोटिअसोम-टॅपच्या रस्त्याला लागतं की एंडोसोममध्येच क्लास १ वर बसतं? दोन्ही रस्त्यांचे पुरावे आहेत. माझा अनुभव सांगतो की कोणत्या पेशी आणि कोणतं प्रथिन घेतलं यावर उत्तर बदलतं. पुस्तकातली 'आत-बाहेर' विभागणी चूक नाही, पण ती पायवाट आहे, रुळ नव्हेत. उलट दिशेनेही गळती होते: ऑटोफॅगीमुळे, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवल्याने, तिचं स्वतःचं पेशीद्रव लायसोसोमात जातं आणि त्याचे तुकडे क्लास २ वर येतात.

मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे: सगळंच मांडलं जात असेल तर परकं ठरवतं कोण? दोन ठिकाणी ठरतं आणि दोन्ही ठिकाणं मांडणीच्या बाहेरची आहेत. पहिलं थायमस, म्हणजे टी पेशी जिथे घडतात तो छातीतला अवयव. तिथे वाढणाऱ्या टी पेशींपैकी स्वतःच्या तुकड्यांना घट्ट चिकटणाऱ्या बऱ्याचशा मारल्या जातात, आणि थायमसमधल्या मेड्युलाच्या पेशी एआयआरई या जनुकाच्या जोरावर इन्सुलिनसारखी, एरवी दुसऱ्याच अवयवात बनणारी प्रथिनंही थोडी थोडी बनवून दाखवतात. म्हणजे निवड मांडणाऱ्याने केलेली नसते. वाचणारेच आधी गाळून घेतलेले असतात. उरलेल्या टी पेशी मात्र कमालीच्या चाणाक्ष. समोरच्या पेशीवरच्या लाखभर खोबण्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खोबण्यांत ओळखीचा तुकडा असला तरी त्यांना पुरतं.

दुसरं ठिकाण डेंड्रिटिक पेशीची अवस्था. राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेत या फांद्याफांद्यांच्या पेशी वर्णन केल्या तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नव्हतं. स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं ते त्यांच्या मृत्यूनंतर तीन दिवसांनी. शांत अवस्थेतली डेंड्रिटिक पेशी तुकडे मांडत असतेच, पण सोबत सीडी८० आणि सीडी८६ हे सहायक रेणू फारसे दाखवत नाही. टोल-सदृश ग्राहींना जंतूची खूण लागली की तिचा नूर पालटतो: गिळणं मंदावतं, आधी काही तासांत काढून टाकला जाणारा क्लास २ आता दिवसेंदिवस टिकतो, वाट दाखवणारा सीसीआर७ हा ग्राही येतो आणि ती लसिका ग्रंथीकडे चालू लागते. तुकडा हा पहिला संकेत, सहायक रेणू दुसरा, आयएल-१२ सारखी सायटोकाइन्स, म्हणजे निरोप्या प्रथिनं, तिसरा. पहिला असून दुसरा नसेल तर टी पेशी थोडी विभागते आणि मग मरते किंवा बधिर होते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले ते फसून. संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत मला दाखवायचं होतं की शांत डेंड्रिटिक पेशींना ओव्हाल्ब्युमिन दिलं तर सीडी८ टी पेशी बधिर होतात. उंदरांत हे मोजणं सोपं: ओव्हाल्ब्युमिनचा २५७ ते २६४ हा आठ आम्लांचा तुकडा एच-२केबी या क्लास १ रेणूवर बसतो, आणि त्या जोडीलाच चिकटणारं २५-डी१.१६ हे प्रतिपिंड मिळतं, म्हणजे मांडणी डोळ्यांनी मोजता येते. ओटी-१ उंदरांच्या टी पेशी नेमकी तीच जोडी ओळखतात. माझ्या टी पेशी बधिर व्हायचं नाव घेत नव्हत्या. फोफावत होत्या. तीन महिने मी पेशींना दोष दिला, माध्यमाला दिला, स्वतःच्या हाताला दिला. शेवटी एका वरिष्ठ सहकाऱ्याने विचारलं, "प्रथिनात एंडोटॉक्सिन किती आहे बघितलंस का?" बघितलं नव्हतं. चाचणी केली तर बाजारातून आणलेलं ते ओव्हाल्ब्युमिन एंडोटॉक्सिनने, म्हणजे जीवाणूंच्या आवरणातल्या घटकाने, बरबटलेलं. मी प्रत्येक वेळी तुकड्यासोबत धोक्याची घंटाही वाजवत होते. एंडोटॉक्सिनमुक्त प्रथिन घेतल्यावर २५-डी१.१६ चा आकडा साधारण तोच आला, सीडी८६ खाली राहिलं, आणि टी पेशी दोनतीन वेळा विभागून गप्प झाल्या. मांडणी तीच, निकाल उलटा. तुम्ही प्रयोग करणार असाल तर हा एक सल्ला घ्या: प्रत्येक वेळी प्रतिजनाशिवायची आणि एंडोटॉक्सिनची अशी दोन नियंत्रणं ठेवा. आणि लांब पेप्टाइड वापरून 'तोडणी होते' असं सिद्ध करणार असाल तर सीरमकडे लक्ष द्या. माध्यमातल्या सीरमची विकरं तुमच्या पेशीआधीच ते छाटून ठेवतात.

ही साखळी प्रत्यक्षात किती मोलाची आहे हे विषाणूंना आपल्याआधी कळलं होतं. त्यांनी एकेक कडी शोधून तोडली आहे. हर्पिस सिम्प्लेक्सचं आयसीपी४७ टॅपच्या तोंडात पेशीद्रवाच्या बाजूने बूच मारतं. सायटोमेगॅलोव्हायरसचं यूएस६ त्याच टॅपला ईआरच्या बाजूने ठप्प करतं, आणि त्याचीच यूएस२ व यूएस११ ही प्रथिनं तयार क्लास १ साखळी ईआरमधून उलट पेशीद्रवात ढकलून तिला प्रोटिअसोमच्या तोंडी देतात. ॲडेनोव्हायरस ती ईआरमध्येच डांबून ठेवतो. एचआयव्हीचं नेफ पृष्ठभागावरून ए आणि बी खेचून घेतं, पण सी ला हात लावत नाही. कारण पृष्ठभाग अगदीच रिकामा दिसला तर एनके पेशी, म्हणजे क्लास १ नसलेल्या पेशींना मारणाऱ्या, येतात. संशोधक क्लास कारे यांनी १९८६ च्या सुमारास मांडलेली 'घरची खूण गायब' ही कल्पना हीच. ट्यूमरचंही असंच: बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिन गमावलेल्या कर्कपेशीवर क्लास १ उभाच राहत नाही, आणि मग टी पेशींवरचा लगाम सोडणारी औषधं देऊनही त्या कर्कपेशी टी पेशींना दिसत नाहीत.

खोबण स्वतः बदलली तर काय होतं याचं उदाहरण औषधशास्त्रात आहे. अबाकॅव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध एचएलए-बी*५७:०१ असलेल्यांत तीव्र प्रतिक्रिया घडवू शकतं. २०१२ मध्ये कळलं की ते खोबणीच्या तळाशी जाऊन बसतं, खळग्याचा आकार बदलतं, आणि मग एरवी कधीच न बसलेले स्वतःचेच तुकडे तिथे बसू लागतात. थायमसने ते कधी दाखवलेलेच नसल्याने टी पेशींना ते परके वाटतात. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी या एचएलएची चाचणी करतात.

आता बाळांच्या लशीकडे. शर्करेचा तुकडा क्लास २ च्या खोबणीत बसत नाही. खोबण पेप्टाइडसाठी बेतलेली आहे. त्यामुळे शर्करा ओळखणाऱ्या बी पेशीला, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीला, टी पेशीची मदत मिळत नाही. मोठ्यांमध्ये शर्करेच्या लांब, एकसारख्या साखळीने बी पेशीचे बरेच ग्राही एकदम ओढले जातात आणि तेवढ्यावर काही काळ काम भागतं, पण स्मृती नीट बनत नाही. दोन वर्षांखाली ही वाट फार कच्ची असते.

इथे बी पेशी प्रतिजन मांडणारी पेशी म्हणून कामाला येते, आणि तीही निवडक. डेंड्रिटिक पेशी दिसेल ते गिळते. बी पेशी आपल्या ग्राहीला जे चिकटलं तेच आत ओढते. लान्झावेक्किया यांनी १९८५ मध्ये माणसाच्या बी पेशींवर टिटॅनस टॉक्सॉइड (निष्प्रभ केलेलं धनुर्वाताचं विष) घेऊन दाखवलं की योग्य ग्राही असलेली बी पेशी इतरांच्या मानाने शेकडो-हजारो पटींनी कमी प्रथिन असतानाही ते मांडू शकते. शर्करा टिटॅनस टॉक्सॉइडला रासायनिक बंधाने जोडली की शर्करा ओळखणारी बी पेशी शर्करेला धरते आणि तिच्या मागून अख्खं टॉक्सॉइड आत ओढलं जातं. आत टॉक्सॉइड तुटतं, त्याचे तुकडे क्लास २ वर येतात. दरम्यान डेंड्रिटिक पेशीने त्याच टॉक्सॉइडवर काही सीडी४, म्हणजे मदतनीस, टी पेशी तयार केलेल्या असतात. त्यातली एखादी या बी पेशीपाशी येते, टॉक्सॉइडचा तुकडा ओळखते आणि सीडी४० मार्गे मदत देते. मदत घेणारी बी पेशी प्रतिपिंड बनवते ते शर्करेविरुद्ध. टी पेशीला शर्करेचा पत्ताही नसतो.

म्हणून शर्करा आणि टॉक्सॉइड एकाच कुपीत नुसते मिसळून चालत नाही, बंध लागतोच. मिसळलेल्या लशीत शर्करेची बी पेशी शर्करा ओढेल, टॉक्सॉइडची टॉक्सॉइड ओढेल, आणि टी पेशीची सगळी मदत दुसरीच्याच पदरात पडेल. गोबेल आणि ॲव्हरी यांनी १९३० च्या सुमारास सशांमध्ये न्यूमोकॉकसची शर्करा प्रथिनाला जोडून प्रतिपिंडं मिळवली होती, तेव्हा एमएचसी माहीत नव्हता, टी पेशीही कोणाला माहीत नव्हत्या. हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी) या जीवाणूच्या मेंदूज्वराची अशी जोडलेली लस बाळांपर्यंत पोचली ती १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या सुरुवातीला.